सात महिन्यांची मोटरसायकल

आमच्या मोटरसायकलला वर्षातले सातच महिने कायद्याची मान्यता होती. तिच्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे होते, वर चार आणि खाली दहा. एप्रिल ते ऑक्टोबर. कर तेवढ्याच महिन्यांचा, विमाही तेवढ्याच महिन्यांचा. मार्चच्या शेवटच्या दिवशी ती रस्त्यावर नुसती उभी दिसली तरी दंड, मग ऊन कितीही छान पडलेलं असो. ब्राउनश्वाइगमध्ये मार्चच्या अखेरीस हमखास छान ऊन पडतं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गारा पडतात. पण ऋतू कधी सुरू झाला हे इथे आकाशाला विचारायची पद्धत नाही.

मोटरसायकल माझ्या बायकोची होती. हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळात अनेकदा उच्चारलं आहे आणि ऐकणाऱ्याने दर वेळी ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं आहे. ती इंजिनिअर होती, गाड्यांच्या ब्रेकवर काम करायची. मी जुन्या हस्तलिखितांवर प्रबंध लिहायला आलो होतो. प्रबंध संपला आणि मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत राहिलो. आमच्या मंडळात माणसं गाडीच्या भागांवरून ओळखली जातात. हे गिअरबॉक्सवाले, हे सीटवाले, ते दिव्यांचे. माझ्या वाट्याला कुठलाच भाग नसल्यामुळे मी 'ताईंचे मिस्टर' होतो.

"म्हणजे तुम्ही मागे बसता?" नवीन आलेला कुणीतरी विचारायचा.

"हो."

"आणि चालवतं कोण?"

"ही."

"नाही, पण तुम्हाला येत असेलच ना."

"नाही येत."

मग तो जरा वेळ माझ्याकडे बघायचा आणि तिला हवामानाबद्दल काहीतरी विचारायचा.

ती मोटरसायकल माझ्या प्रबंधापेक्षाही जुनी होती. जर्मन बनावटीची, वजनदार, आणि तिची दोन सिलिंडरं दोन्ही बाजूंना कानांसारखी बाहेर आलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बायको तिला झोपवायची. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आतून गंज धरत नाही. टायरमध्ये हवा जरा जास्त. बॅटरी काढून इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, आमच्या वाट्याच्या जाळीच्या खोलीत नेऊन ठेवायची. वरून सोलापुरी चादर. दसऱ्याला हेडलाइटवर लावलेलं हळदकुंकू ती पुसायची नाही, ते एप्रिलपर्यंत चादरीखाली तसंच असायचं. या सगळ्यात माझं काम चादरीचं एक टोक धरण्याचं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मात्र मला मोठी जबाबदारी होती. कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून सांगलीला फोन लावायचा आणि तो मोटरसायकलपासून हातभर अंतरावर धरून उभं राहायचं. पलीकडे माझ्या सासूबाई असायच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. आधी घरघर, मग खोकला, मग एक उंच, घाईचा आवाज. बायकोने चोक आत सारला की तो आवाज उतरायचा, जाड आणि सावकाश व्हायचा. मग फोनमधून प्रश्न यायचा, "झालं?" आणि उत्तराची वाट न बघता, "आता हेल्मेट घाल." एवढं बोलून सासूबाई फोन ठेवायच्या. सात समुद्रांपलीकडच्या यंत्राची वार्षिक तपासणी करून त्यांनी ते पास केलेलं असायचं.

डिसेंबरात बायको गेली. आजार लहान होता, त्याचं नाव लांब होतं. जर्मनमध्ये तर ते एका ओळीत बसत नव्हतं. त्या ऑक्टोबरातही तिने मोटरसायकल झोपवली होती, फक्त मध्ये दोनदा स्टुलावर बसली होती.

सासूबाई जानेवारीत आल्या. मुलगी आजारी असताना त्यांच्या व्हिसासाठी कुठलातरी एक कागद कमी पडत होता. मुलगी गेल्यावर तो कमी पडला नाही. त्यांनी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि तिथल्या खिडकीतून समोर आमच्या गॅरेजचं दार दिसतं हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं.

"अहो," त्या मला म्हणाल्या, "मी जायच्या आत त्या वस्तूचं काहीतरी करा. माझ्या मागे तुम्ही रोज त्या दाराकडे बघत चहा पिणार, ते मला चालणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

मंडळाने लगेच मनावर घेतलं. हॅनोव्हरला एक तरुण मराठी इंजिनिअर आहे, तो घेईल, पण सुरू होत असेल तरच. सुरू झाली नाही तर एक भंगारवाला येऊन उचलून नेईल. सासूबाईंचं विमान मार्चच्या शेवटच्या सोमवारी होतं, म्हणजे त्याआधी काय तो निकाल लागायला हवा. सुरू झाली तर हॅनोव्हर, नाही झाली तर भंगार. दोन्ही मार्ग आमच्या गॅरेजच्या बाहेर जात होते. मला ती ठेवायची होती. हे मी कुणाला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर 'कशाला' असा पुढचा प्रश्न आला असता आणि चालवता न येणाऱ्या माणसाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

मार्चमधल्या शनिवारी तीन जण यायला लागले. एकाने आयुष्यभर फक्त वायपर केले होते. दुसरा कॉम्प्युटरवर इंजिनातलं पेट्रोल जाळून बघायचा, त्याच्या हाताला ग्रीस कधी लागलं नव्हतं. तिसरा कोल्हापूरकडचा, ध्वनितज्ज्ञ. महागड्या गाडीचं दार लावल्यावर मालकाला समाधान वाटेल असा आवाज आला पाहिजे, यासाठी त्याला पगार मिळत असे. ते खरं तर समाचाराला येत होते. पण समाचाराला आल्यावर काय बोलायचं हे आमच्याकडच्या पुरुषांना कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. मोटरसायकल न सुरू होणं ही त्यांच्यासाठी मोठी सोय होती. माणूस गेल्याबद्दल बोलता येत नाही, बॅटरी गेल्याबद्दल तासभर बोलता येतं.

"भाऊजी, बॅटरी किती व्होल्ट दाखवते?" कॉम्प्युटरवाले विचारायचे.

"ती चार्जरवर होती. केलरमध्ये."

"गेनाऊ, बरोबर. पण लोडखाली बघायला हवं."

"आमच्या विभागात आम्ही आधी फ्यूज बघतो," वायपरवाले म्हणाले.

"तुमच्या विभागात काच पुसतात."

"आणि तुमच्या विभागात पडद्यावर चित्रं बघतात. एकदा तरी खरं इंजिन पाहिलंय का?"

"हे काय, समोर आहे की."

"मग लावा हात."

हात लावायला कुणी तयार नव्हतं. बटण मी दाबायचो, कारण मालक मी. स्टार्टर घरघरायचा, इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. मग तिघे एकमेकांकडे बघून "आल्झो", म्हणजे 'तर मग', म्हणायचे आणि नवीन चर्चा सुरू व्हायची.

पहिल्या शनिवारी वायपरवाल्यांना पुण्यातली त्यांची स्कूटर आठवली. सुरू झाली नाही की ती आडवी वाकवायची आणि पुन्हा उभी करायची, म्हणजे पेट्रोल उतरतं. डॉक्टरेट झालेल्या माणसांनी या उपायाला एकमताने मान्यता दिली. ते तिघे आणि मी, अशा चौघांनी मिळून दोनशेवर किलोची जर्मन गाडी वाकवली. वाकवणं सोपं गेलं. ती परत उभी होईना. आम्ही चौघे तिला मिठी मारल्यासारखे तिरपे उभे होतो, तेवढ्यात सासूबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू," कॉम्प्युटरवाले दबल्या आवाजात म्हणाले, "पण प्रगती आहे."

त्यांनी बशा स्टुलावर ठेवल्या, मागे जाऊन सीटला खांदा लावला आणि गाडी उभी राहिली. पोहे गार होतील, एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या शनिवारी ध्वनितज्ज्ञांनी डाव्या बाजूचं झाकण उघडलं. इंजिन जिथून हवा आत घेतं ती वाट त्यांना बघायची होती.

"अरे, हे बघा इकडे," ते म्हणाले, "आत करडं फेल्ट बसवलंय. हवा ओढल्याचा आवाज शोषायला. लोकर आहे बरं का, प्लॅस्टिक नाही. त्या काळात केवढा विचार करायचे हे लोक."

बाकीचे दोघे पुढे झाले. देवळाच्या गाभाऱ्यात वाकून बघावं तसे त्यांनी वाकून बघितलं.

"फिटिंग बघा. मिलिमीटरचीही फट नाही."

"जर्मन काम."

मी पलीकडच्या बाजूला टॉर्च धरून उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तर मीही मान डोलावली असती. झाकण आदराने बंद झालं.

समाचाराला आलेल्या माणसाने निघताना 'येतो' म्हणू नये असं आमच्याकडे म्हणतात. अशा घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. या तिघांची त्यात पंचाईत व्हायची. गाडी तर सुरू झालेली नाही, म्हणजे पुढच्या शनिवारी येणं भाग आहे. ते दारात बूट घालत घुटमळायचे आणि मग वायपरवाले "तर मग बघू शनिवारी" असं पुटपुटायचे. परंपरा आणि अभियांत्रिकी दोन्ही सांभाळल्या जायच्या.

शेवटच्या शनिवारी तिघांनी निष्कर्ष काढला. इंजिन थकलं आहे. वय झालं. मंगळवारी भंगारवाल्याला बोलवायचं ठरलं. बेसिनवर हात धुताना वायपरवाले म्हणाले, "ताई असत्या तर..." आणि थांबले. कॉम्प्युटरवाल्यांनी घाईघाईने विचारलं की हा साबण कुठल्या दुकानातला. मी सांगितलं. मग साबणाविषयी बरंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सासूबाई जाण्याआधी माझी कपाटं लावत होत्या. त्यांच्या मते एकट्या पुरुषाच्या कपाटावरून त्याची पुढची पाच वर्षं कळतात. मी खिडकीपाशी वाचत बसलो होतो. वाचत म्हणजे पुस्तक उघडं होतं.

"अहो, हे काय आहे?"

खणात करड्या लोकरीचे मोजे होते. करडे, कारण करडा रंग मळलेला दिसत नाही असं सासूबाईंचं मत होतं आणि त्या दुसऱ्या रंगाचे विणतच नसत.

"मोजे," मी म्हणालो.

"ते मला कळतं. मीच विणलेत. हे सगळे एकेकटे का? यांचे जोडीदार कुठायत?"

"मशीन खातं."

"कुठलं मशीन?"

"खालचं. तळघरातलं, कपडे धुण्याचं, सगळ्या इमारतीचं."

"सगळ्या इमारतीचे मोजे खातं?"

"नाही. आपलेच."

सासूबाईंनी चष्मा नीट केला. त्यांच्या शाळेत खिडकीची काच फुटल्यावर मुलांना ही नजर दिसत असणार.

"किती खातं?"

"दरवर्षी एक."

"केव्हा?"

मी आठवून बघितलं. "दिवाळीच्या आसपास. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी."

"आणि दर हिवाळ्यात ही मला फोनवर सांगायची, आई, यांना मोज्यांचा एक जोड पाठव, यांचे पाय गार पडतात."

"माझे पाय कधीच गार पडत नाहीत," मी म्हणालो.

आम्ही दोघेही त्या खणाकडे बघत राहिलो. मी पुस्तकांच्या नोंदी करणारा माणूस आहे. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीशेजारी ठेवायची याचा मला पगार मिळतो. तरी लोकर, करडा रंग, ऑक्टोबर आणि 'मिलिमीटरचीही फट नाही' हे शेजारी शेजारी यायला मला बराच वेळ लागला.

"आई, चप्पल घाला," मी म्हणालो.

गॅरेजमध्ये मी डावं झाकण उघडलं. आत बोटं घालून ओढलं तेव्हा ते जर्मन फेल्ट हळूहळू लांब होत बाहेर आलं. आधी पाऊल, मग टाच, मग वरची पट्टी. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं.

"टाच माझीच आहे," त्या म्हणाल्या.

"उंदीर जाऊ नयेत म्हणून," मी म्हणालो. "थंडीत ते उबेला आत शिरतात. ग्रंथालयातही शिरतात." एप्रिलमध्ये तो मोजा बायको काढून टाकत असणार, आणि मी तेव्हा सांगलीचा नंबर लावत पाठमोरा उभा असणार. मशीनला मी इतकी वर्षं दोष दिला आणि तिने तो एकदाही खोडून काढला नव्हता.

सासूबाई मोटरसायकलकडे बघत होत्या. "म्हणजे मी इतकी वर्षं हिच्यासाठी विणत होते."

मी चोक ओढला, किल्ली फिरवली, बटण दाबलं. घरघर. खोकला. मग तो उंच, घाईचा आवाज. सबंध अंगण भरून गेलं. सासूबाईंनी मान तिरपी केली होती आणि एक हात कानाशी नेला होता, फोन धरल्यासारखा.

"हा अजून वरचा आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तो खालचा येऊ द्या."

मी चोक आत सारला. आवाज उतरला, जाड आणि सावकाश झाला. सासूबाईंनी डोळे मिटले.

"झालं," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. ते हेल्मेट खिळ्याला टांगलेलं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसली.

तेवढ्यात शेजारचे वृद्ध गृहस्थ दारात आले. रविवारी आमच्या अंगणात बाटल्याही टाकायच्या नसतात, कारण काच वाजते. गेल्या इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याशी 'गुटन टाग'च्या पुढे फारसं बोलणं केलं नव्हतं.

"हॉइटे इस्ट झोनटाग," आज रविवार आहे, असं ते म्हणाले.

"हो, हो, बसा," सासूबाई मराठीत म्हणाल्या आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

गृहस्थांना मराठी येत नव्हती, पण स्टूल कळलं. ते बसले. घड्याळाकडे बघितलं. नंबरप्लेटवरच्या चारच्या आकड्याकडे बघितलं. बराच वेळ इंजिन ऐकत राहिले.

"त्या नेहमी शनिवारी करायच्या," ते मला जर्मनमध्ये म्हणाले. "जेवणाच्या वेळेआधी."

"हो," मी म्हणालो.

"अजून दोन मिनिटं," ते म्हणाले.

दोन मिनिटं आम्ही तिघे ऐकत बसलो. मग ते उठले, सासूबाईंना मान लववून गेले. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आता हॅनोव्हरच्या मुलाला काय सांगणार?" सासूबाईंनी विचारलं.

"सुरू झाली, असं सांगावं लागेल."

"का लागेल?"

मी किल्ली खिशात टाकली.

"अहो, तुम्हाला ती द्यायची आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "पण आई, मला चालवता येत नाही."

"इथे शिकवत नाहीत?"

"शिकवतात. पण या वयात..."

"मी बेचाळिसाव्या वर्षी कृष्णेत पोहायला शिकले. घाटावर माझ्याच वर्गातली पोरं हसत होती." त्यांनी मोज्याची घडी घातली. त्याला पेट्रोलचा वास येत होता, तरी तो त्यांनी आपल्या पर्समध्ये ठेवला. "नमुन्याला नेते. ऑक्टोबरच्या आत पाठवीन. या वेळी तीन विणते."

सोमवारी मी त्यांना हॅनोव्हरच्या विमानतळावर सोडून आलो. भंगारवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं. पुढच्या शनिवारी ते तिघे नेहमीच्या वेळेला आले, कारण येणं बंद करण्यासाठी काय कारण द्यायचं हे त्यांना सुचलं नसावं. मी गाडी सुरू करून दाखवली. तिघांनी आळीपाळीने एकमेकांचं अभिनंदन केलं. वायपरवाल्यांच्या मते त्यांनी फ्यूज हलवले त्याचा परिणाम उशिरा दिसला होता.

"मी फक्त ते फेल्ट काढलं," मी म्हणालो.

ध्वनितज्ज्ञांचा चेहरा पडला. "काढलंत, दाजी? मूळचं होतं ते. मग आवाज वाढला असेल."

"वाढलाय."

पोहे मी केले होते, त्यात मीठ जास्त झालं होतं. तिघांनी न बोलता संपवले. मग दारात बूट घालायची वेळ आली आणि ते घुटमळले. गाडी सुरू झाली होती. आता शनिवारचं काही निमित्त उरलं नव्हतं.

"ब्रेक बघायचे राहिलेत," मी म्हणालो.

"ब्रेकमधलं आमच्यात कुणाला कळतं?" वायपरवाले म्हणाले. त्यांनी एका बुटाची नाडी बांधली आणि दुसरी तशीच हातात धरून बसले. "ते ताईंचं. एकदा माझ्या नव्या गाडीत बसल्या होत्या. पहिल्याच वळणावर म्हणाल्या, तुम्ही ब्रेक फार घाबरत लावता."

"मलाही म्हणाल्या होत्या," कॉम्प्युटरवाले म्हणाले.

"मला तर उतरवून स्वतः चालवायला बसल्या," ध्वनितज्ज्ञ म्हणाले.

ते तिथेच, बुटांच्या कपाटाशी, बराच वेळ बसले. निघताना वायपरवाले जिना उतरता उतरता मागे वळले आणि म्हणाले, "येतो, भाऊजी."